प्रबंध कपाटात, सळई गाडीत: एका समजाचे खंडन

जालन्याच्या एमआयडीसीत एक मत इतके मुरलेले आहे की ते कोणी मांडत बसत नाही, गृहीतच धरतो. विद्यापीठातले संशोधन प्राध्यापकांच्या बढतीसाठी असते. प्रबंध कपाटात जातो आणि कपाटाची किल्ली हरवते. धंदा चालतो तो अक्कल, हिंमत आणि खेळत्या भांडवलावर. बँकेतला अधिकारी हेच म्हणतो, मोबाइलचे टॉवर उभारणारा ठेकेदारही, आणि हाताला यश असलेला डॉक्टरही पुष्कळदा. उद्योजकांच्या यशोगाथा आपल्याकडे याच चालीवर लिहिल्या जातात: शिक्षण बेताचे, घरची शेती, गाठीला काही नाही, आणि बघता बघता कारखाना.

प्रतिपक्षाला दुबळा करून हरवण्यात काही पुरुषार्थ नाही, म्हणून हे मत आधी त्याच्या पूर्ण जोरात मांडू. जालना जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. त्याच्या आधीच इथल्या बियाण्यांचे नाव देशभर झाले होते, आणि इथे ना विद्यापीठ होते ना राष्ट्रीय प्रयोगशाळा. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र जालन्यात मंजूर झाले 2018 मध्ये. तोवर इथल्या पोलादाच्या भट्ट्या पेटून कैक वर्षे उलटली होती. विद्यापीठांचे म्हणाल तर अनुदान आयोगाने 2010 मध्ये बढतीसाठी शोधनिबंधांना गुण लावले, त्यासरशी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळी छत्र्यांसारखी उगवली, आणि पुढे आयोगालाच मान्य नियतकालिकांची यादी करत बसावे लागले. बँकांच्या जोखमीची गणिते मांडणाऱ्या विद्वानांनी 2008 मध्ये जगाला कुठे नेऊन ठेवले तेही सर्वांनी पाहिले. शिवाय विंचवाच्या दंशावर इलाज शोधणारे डॉ. हिंमतराव बावस्कर! भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे, म्हणजे याच जिल्ह्याचे. त्यांनी काम केले महाडच्या बाजूला बिरवाडी या खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. विद्यापीठ कुठे होते तेव्हा?

यातली बहुतेक विधाने खरी आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे.

आधी भट्टीकडे जाऊ, कारण जालन्याचा अभिमान तिथे सर्वांत तापलेला असतो. भंगार आणि स्पंज आयर्न वितळवणारी इंडक्शन भट्टी ही कुणा लोहाराच्या हिकमतीतून आलेली नाही. तांब्याच्या वेटोळ्यातून उच्च वारंवारितेचा प्रवाह सोडून मधला धातू आतूनच तापवायचा, ही गाभा नसलेली भट्टी 1916 च्या सुमारास एडविन नॉर्थ्रप यांनी घडवली. ते प्रिन्स्टन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत होते. तिच्या मुळाशी असलेला नियम फॅराडेने 1831 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शोधला होता. मिलमधून लालबुंद निघालेल्या सळईवर पाण्याचे फवारे सोडून तिचे कवच कडक करायचे आणि आतल्या उष्णतेने ते कवच पुन्हा थोडे नरम पडू द्यायचे, ही टीएमटीची युक्ती 1970 च्या दशकात बेल्जियममधल्या लिएजच्या धातुशास्त्र संशोधन केंद्रात पक्की झाली. ट्रकभर सळई जालन्यातून निघते तेव्हा एक प्राध्यापक आणि एक प्रयोगशाळा तिच्यासोबत निघतात. बिलावर मात्र त्यांचे नाव नसते. भट्टी विकत घेणाऱ्याला ते यंत्र म्हणूनच मिळते, आणि यंत्राची किंमत चुकती केली की त्यामागचे संशोधन आपल्याला कधी लागलेच नाही असे वाटू लागते. वरच्या मताचे सगळे बळ या एका विसरण्यात आहे.

बियाण्यांची गोष्ट आणखी बोलकी आहे, आणि तीच नेमकी उलट बाजूने सांगितली जाते. बद्रीनारायण बारवाले यांचे कर्तृत्व मोठेच. 1964 मध्ये त्यांनी जालन्यात महिको काढली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण त्यांच्या आरंभाकडे बघा. पहिले यश भेंडीचे, ‘पुसा सावनी’चे. शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाला दाद न देणारा हा वाण दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झाला होता. महिको निघाली त्याच 1964 साली देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-1, प्रसारित झाली. तिची मादी ओळ होती कंबाइन काफिर 60. ती नर-वंध्य, म्हणजे तिच्या फुलात स्वतःचे परागकण तयार होत नाहीत. शेजारच्या ओळीतल्या नराचे परागकण वाऱ्याने येऊन पडतात आणि संकर आपोआप होतो. ज्वारीचे फूल इवलेसे, आणि एका कणसात अशी हजारो. चिमट्याने एकेका फुलाचे पुंकेसर काढत बसले असते तर संकरित ज्वारीचे एक पोतेही बाजारात आले नसते. ही वंध्यता टेक्सासमधल्या स्टीफन्स आणि हॉलंड यांनी 1954 मध्ये दाखवून दिली. मिलो नावाच्या ज्वारीचे पेशीद्रव्य आणि काफिर ज्वारीची जनुके एकत्र आली की पराग मरतो, असा तो शोध. कुठे टेक्सासचे संशोधन केंद्र आणि कुठे आपल्याकडची ज्वारीची काळी रानं! पण मधली दहा वर्षे आणि दिल्ली-हैदराबादच्या सरकारी पैदासकारांची खटपट वजा केली तर संकरित ज्वारीचे एक पाकीटही विकायला उरत नाही.

मग बारवाल्यांनी केले काय? माझ्या मते सर्वांत अवघड तेच केले. संशोधन घेता येणारा माणूस झाले. सरकारी संस्थेतल्या पैदासकाराशी त्याच्या भाषेत बोलायचे, मूळ बियाणे मागून आणायचे, शेतकऱ्यांकडून विलगीकरणाचे अंतर पाळून प्लॉट घ्यायचे, आणि त्यात भेसळीची झाडे निघाली तर आख्खा प्लॉट नापास करायचा. पुढे दावलवाडीला त्यांच्या कंपनीचे स्वतःचे संशोधन केंद्र उभे राहिले. संशोधन निरुपयोगी अशी ज्यांची खात्री असते ती माणसे त्यावर पैसे घालत नाहीत. तेव्हा बारवाल्यांचे नाव घेऊन विद्यापीठांना हिणवणे म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी त्याने न दिलेली साक्ष घालणे होय.

याच धंद्यात संशोधनाला ‘कागद’ म्हणून बाजूला सारले तेव्हा काय झाले, तेही सांगायला हवे. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅमचे नॉन-बीटीचे पाकीट येई. शेतकरी त्याला रेफ्युजी म्हणत. ते शेताच्या कडेने लावायचे होते. हिशेब कीटकशास्त्रज्ञांचा होता: बीटी पचवणारी एखादी अळी जगलीच तर तिच्या पतंगाला जोडीदार मिळावा तो नॉन-बीटीवर वाढलेला, म्हणजे प्रतिकाराचा गुण पुढच्या पिढीत दडपला जाईल. बांधावर हा हिशेब कुणी गंभीरपणे घेतला नाही. पाकीट बहुधा घरीच राहिले, किंवा उकिरड्यावर गेले. विक्रेत्याने समजावले नाही, कंपन्यांनी तगादा लावला नाही. जोडीला फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक उभे ठेवून कापूस, घेण्याची सवय आणि लांब मुदतीचे वाण. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाडा-विदर्भातला कापूस आतून पोखरला. ‘संशोधनाने फसवले’ अशी ओरड तेव्हा झाली. फसवणूक झाली होती खरी. पण संशोधनाचा विकण्याजोगा अर्धा भाग ठेवून सांभाळण्याजोगा अर्धा भाग टाकून दिला, त्यातून ती झाली होती.

आता बँकेकडे. एमआयडीसीतला उद्योजक सर्वांत जास्त चिडतो तो इथे. सीसी लिमिट, स्टॉक स्टेटमेंट, सिबिलचा एक ते दहा रँक. ‘वातानुकूलित खोलीत बसून कुणीतरी सूत्र काढले आणि आमच्या मानेवर बसवले’ अशी त्याची तक्रार. ती निम्मी खरी आहे, आणि ते निम्मेपण समजून घेण्यासारखे आहे.

हे सूत्र कुठून आले? न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एडवर्ड आल्टमन यांनी 1968 मध्ये अमेरिकेतल्या 66 उत्पादक कंपन्या घेतल्या, 33 बुडालेल्या आणि 33 तगलेल्या. ताळेबंदातून पाच गुणोत्तरे काढली, त्यांना वजने दिली आणि बेरीज केली. हाच झेड-स्कोअर. बेरीज 2.99 च्या वर गेली तर कंपनी सुरक्षित, 1.81 च्या खाली आली तर धोक्यात. पुढे जगभर पतमापनाची जी मॉडेल निघाली त्यांतल्या पुष्कळांची वंशावळ इथे जाऊन पोचते.

हे सूत्र जालन्याच्या एखाद्या रोलिंग मिलला जसेच्या तसे लावून पाहू. समजा, मालमत्ता 20 कोटींची आणि वर्षाची विक्री 80 कोटींची. भंगार घ्यायचे, वितळवायचे, सळई काढायची, विकायची. या धंद्यात माल झपाट्याने फिरतो, म्हणून मालमत्तेच्या चौपट विक्री ही काही अचाट कल्पना नव्हे. आल्टमनच्या सूत्रात विक्री भागिले मालमत्ता या गुणोत्तराचे वजन जवळपास एक आहे. म्हणजे त्या एकाच खान्यातून 4 गुण आले. नफा शून्य, साठवलेली शिल्लक शून्य, खेळते भांडवल शून्य धरले तरी बेरीज 2.99 च्या वर! मालक बुडत असला तरी सूत्र त्याला सुरक्षित म्हणेल. उलट, मोठी यंत्रे घेऊन सावकाश माल काढणारा प्रामाणिक कारखानदार त्याच सूत्रात मागे पडेल. आणखी एक खाना भागभांडवलाच्या बाजारभावाचा. भागीदारीतल्या मिलचा बाजारभाव आणायचा कुठून?

प्रतिपक्ष इथे टाळी वाजवील: बघा, आम्ही म्हणत नव्हतो! पण ही उणीव दाखवली कुणी? कुठल्या मिलमालकाने नाही, बँकेच्या शाखेनेही नाही. आल्टमन यांनी स्वतःच बाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांसाठी वेगळे सूत्र केले, आणि पुढे आणखी एका आवृत्तीत विक्रीचे गुणोत्तर मुळातूनच काढून टाकले, कारण ते धंद्याधंद्यात भलतेच बदलते हे त्यांच्या ध्यानात आले होते. संशोधनाची चूक संशोधनाने दुरुस्त केली. ती दुरुस्ती आपल्या शाखेपर्यंत आणायला माणूस नव्हता, हे दुखणे वेगळे. त्यावर औषध संशोधन कमी करणे हे नव्हे. जालन्यातल्याच बुडालेल्या आणि तगलेल्या मिल घेऊन, भंगाराच्या भावातले चढउतार आणि वीजबिल धरून, कुणी हे गणित नव्याने मांडायला हवे. एखाद्या प्राध्यापकाला आणि चार विद्यार्थ्यांना झेपेल एवढेच ते काम आहे.

2008 च्या आक्षेपाचेही तसेच. कर्जांचे गठ्ठे बांधून त्यांची जोखीम एका सूत्रात बसवणारा बहुचर्चित निबंध डेव्हिड ली यांनी 2000 मध्ये लिहिला, तेव्हा ते जोखमीची गणिते विकणाऱ्या कंपनीत नोकरीला होते, विद्यापीठात नव्हते. सूत्राच्या मर्यादांविषयी त्यांनी स्वतः 2005 मध्येच जाहीर सावध केले होते. कमिशनचे दिवस होते, कोण ऐकतो!

आणि मराठी माणसाने तरी बँक आणि प्राध्यापक यांना परके मानू नये. 1935 मध्ये पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी झाली तिच्या संस्थापकांत अग्रभागी होते वामन गोविंद काळे, फर्ग्युसन महाविद्यालयातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. हेच काळे 1923 च्या पहिल्या जकात मंडळाचे सदस्य होते, आणि त्या मंडळाच्या चौकशीतून देशी पोलादाला 1924 चे संरक्षण मिळाले. जालन्यासारख्या पोलादाच्या गावाने हे नाव विसरावे याची गंमत वाटते. धनंजयराव गाडगीळ पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष तेच. तो कारखाना उभारणाऱ्या विठ्ठलराव विखे पाटलांना त्यांचा अडथळा वाटला नाही, गरज वाटली. 1969 मध्ये गाडगिळांच्याच अभ्यासगटाने जिल्हावार पतपुरवठ्याची कल्पना मांडली आणि अग्रणी बँक योजना आली. आपल्या जिल्ह्याचा वार्षिक पतपुरवठा आराखडा आजही तिच्याच चौकटीत तयार होतो.

दूरसंचाराबद्दल फार लिहीत नाही; एक उदाहरण बास. एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर चिकटवलेला क्यूआर कोड धुळीने माखतो, त्याचा कोपरा फाटतो, त्यावर चहाही सांडतो, आणि तरी पैसे जातात. कारण त्या चौकटीत जास्तीची माहिती अशी गुंफलेली असते की उच्चतम पातळीला सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी उरलेल्यातून तो परत उभा करता येतो. हे बीजगणित अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतल्या रीड आणि सॉलोमन या दोघांनी 1960 मध्ये पाच पानांच्या निबंधात मांडले. क्यूआर कोड जपानमध्ये 1994 ला निघाला, तोही मोटारीच्या सुट्या भागांचा माग ठेवायला. निबंध छापला गेला तेव्हा त्या पाच पानांचा ‘उपयोग काय’ असे टपरीवर कुणी विचारले असते तर उत्तर देता आले नसते. यावर कुणी म्हणेल, चौतीस वर्षे थांबायला उद्योजकाला वेळ कुठे आहे. खरे आहे. पण आज त्याच्या हाती जे आहे ते कुणीतरी चौतीस वर्षे थांबले म्हणून आहे.

राहिले डॉ. बावस्कर. त्यांना विद्यापीठाविरुद्धचा पुरावा म्हणून उभे करणाऱ्यांनी त्यांचे काम नीट वाचलेले नाही. लाल विंचू चावल्यावर माणूस का दगावतो, हे त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून टिपले: आधी घाम, उलटी, गार पडलेले हातपाय, मग चढलेला रक्तदाब, मग फुप्फुसात पाणी. ती लक्षणे त्यांनी 1982 मध्ये लॅन्सेटमध्ये छापली. विष चेतासंस्थेला पेटवते आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हे कळायला औषधशास्त्राचे पुस्तकी ज्ञान लागते. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी, विंचवासाठी ती कुणी बनवली नव्हती. ती इथे चालेल, हे आवळलेली वाहिनी कुठल्या ग्राहीमुळे आवळते ते ठाऊक असणाऱ्यालाच सुचते. 1986 मध्ये तेही लॅन्सेटमध्ये आले. पूर्वी तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू अगदी थोड्यांवर आले.

पण मला त्यांचे खरे मोठेपण दिसते ते नंतरच्या एका कामात. स्वतःच रूढ केलेल्या इलाजाला त्यांनी पुन्हा कसोटीवर लावले. महाडला 70 रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला नुसते प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि जोडीला मुंबईच्या हाफकिनचे विंचूदंशावरचे प्रतिविष. दहा तासांत लक्षणे पूर्ण गेलेले रुग्ण पहिल्या गटात 35 पैकी 8, दुसऱ्यात 35 पैकी 32. हे 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. आपल्या गोळीपेक्षा गोळी आणि प्रतिविष मिळून सरस, असे त्यांनी स्वतःच जगाला सांगितले. हाताच्या गुणावर विसंबणारा वैद्य हे करत नाही. ही शिस्त विद्यापीठाची आहे; ती बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नांदली म्हणून परकी ठरत नाही.

आता प्रतिपक्षाचे जे उरते ते प्रामाणिकपणे देऊन टाकू. निबंधांचा उकिरडा आहे. पुष्कळ प्रबंध कुणीच वाचत नाही, मार्गदर्शकही नाही. पण आपण पेरले किती, हेही बघावे. 2020-21 मध्ये देशाने संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्के खर्च केला, आणि त्यातला उच्च शिक्षण संस्थांचा वाटा दहावा हिस्साही नव्हता. एवढ्यात नॉर्थ्रप आणि आल्टमन का पिकत नाहीत, असे विचारणाऱ्याने आपल्या कारखान्याच्या खर्चात संशोधनाचा खाना कुठे आहे तेही दाखवावे. सामाजिक जबाबदारीचा जो निधी मोठ्या कंपन्यांना कायद्याने खर्च करावाच लागतो, तोसुद्धा 2019 पासून सरकारी विद्यापीठांतल्या संशोधनाला देता येतो.

कामही दूर शोधायला नको. आयएस 1786 प्रमाणे एफई 500 डी दर्जाच्या सळईत फॉस्फरस 0.040 टक्क्यांच्या आत लागतो, गंधकही तितकेच. फॉस्फरस काढायचा तर चुन्याची मळी लागते, आणि भट्टीचे अस्तर असते सिलिकाचे. चुना ते अस्तर खातो. म्हणून भंगारातून आणि स्पंजमधून आलेला फॉस्फरस बहुतांशी सळईतच राहतो, आणि मालक चांगले भंगार वेचत, दर चढवत बसतो. अस्तर कोणते, चुना कधी, किती तापमानाला, हा प्रश्न रसायनाचा आहे, आणि रसायनाची संस्था आता त्याच गावात आहे. लिएजचे ते केंद्र बेल्जियमच्या पोलाद कारखानदारांनीच एकत्र येऊन पोसलेले होते, हे इथे मुद्दाम सांगतो.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले: एका मिलची हीट, म्हणजे भट्टीतल्या एका घाणीची नोंद, दुसऱ्याला कशी दाखवायची, आमची आपसात स्पर्धा आहे. असेल. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनी 1975 मध्ये पुण्याजवळ मांजरीला जी संशोधन संस्था उभी केली ती आज वसंतदादांच्या नावाने चालते. हे कारखाने एकमेकांच्या हद्दीत ऊसतोडीच्या टोळ्या घुसवतात, उसावरून भांडतात, निवडणुकीत एकमेकांना पाडतात, आणि तरी गाळपाच्या टनामागे त्याच एका संस्थेला वर्गणी देतात.